लष्करी सामान घेताना पर्यावरणाचा हिशोब नेमका कुठे धरायचा?

पहिलंच_टेंडर

नमस्कार मंडळी. मी खरेदीच्या मूल्यमापन समितीत नवीन आहे, आधी हिशोब खात्यात होते. कुठलं खातं, कुठला देश वगैरे सांगत नाही, त्याने फरकही पडत नाही. यादीत फील्डवर चालवायचे डिझेल जनरेटर आहेत, काही चिलखती गाड्या, अग्निशमनाचा फोम आणि सरावाचा दारूगोळा. यावेळी वरून सूचना आलीय की "पर्यावरणीय शाश्वतता" हा निकष धरायचा, १०० पैकी १० मार्क.

आता माझ्या हातात जो जुना मसुदा आलाय त्यात तीन प्रश्न आहेत. कंपनीकडे आयएसओ १४००१ चं (पर्यावरण व्यवस्थापनाचं) सर्टिफिकेट आहे का, पर्यावरण धोरण लेखी आहे का, आणि पॅकिंग परत वापरता येतं का. मी मागच्या दोन खरेद्यांचे कागद काढून बघितले तर सगळ्या बोलीदारांना १० पैकी ९ किंवा १०, म्हणजे निवडीवर काडीचा परिणाम नाही, नुसती फाइल जाड झाली.

दुसरं म्हणजे आमचे एक वरिष्ठ बैठकीत स्पष्ट म्हणाले की सैनिकाच्या जिवावर बेतणार असेल तर असला निकष नकोच. मला त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही कारण ते स्वतः फील्डवर राहून आलेत. पण हे सामान तीस-चाळीस वर्षं राहणार, त्याचा धूर, रंग, शिसं कुणाच्यातरी पाण्यात जमिनीत जाणार, तेही डोळ्यासमोरून जात नाही. मोजायचं काय, आणि टेंडरमध्ये लिहायचं कसं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

देखभालवाला_२२

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ते १० मार्क विसरा. मार्क देण्याची वेळ येते तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. गाडी किती पिणार, तिला काय रंग लागणार, आग विझवायला आत काय भरलेलं असणार हे सगळं तुम्ही गरज लिहिता त्या कागदावर ठरतं. म्हणून तुमचा जोर तिथे लावा, जिथे "अमुक इतकी ताकद, अमुक इतका वेग" लिहितात त्याच पानावर.

इंजिन असलेल्या कुठल्याही वस्तूत बहुतेक नुकसान वापरात होतं, कारखान्यात नाही. म्हणून जनरेटरला पॅकिंगचा प्रश्न विचारणं म्हणजे वेळ घालवणं, त्याला इंधनाचा प्रश्न विचारा. आणि तोही फुल लोडचा नको, कारण फुल लोडला सगळ्यांचे आकडे छान दिसतात. मी ज्या कॅम्पवर होतो तिथे गरज मोजायला कुणाला वेळ नव्हता म्हणून मोठमोठे सेट आणलेले आणि दिवसरात्र ते पाव क्षमतेवर चालायचे, डिझेल नीट जळत नाही मग, अर्धवट जळालेलं काळं तेल सायलेन्सरमधून गळायचं, इंजिन लवकर जायचं ते वेगळंच. तेव्हा २५, ५०, ७५ टक्के लोडला तासाला किती लिटर हे चाचणीसकट मागा. तीन-चार छोटे सेट जोडून गरजेप्रमाणे आपोआप चालू-बंद होतील का हे विचारा, बॅटरी मध्ये घालता येते का हे विचारा.

गाड्यांचं तसंच. अब्राम्स रणगाड्याचं उदाहरण सगळे देतात कारण ते खरंच बोलकं आहे, १५०० हॉर्सपॉवरचं गॅस टर्बाइन, टाकीत १९०० लिटरच्या आसपास इंधन, आणि नुसता उभा राहून रेडिओ-कॅमेरे चालू ठेवायचे तरी तासाला ४० लिटरच्या आसपास जायचं. रणगाडा आयुष्यातला बराचसा वेळ उभाच असतो, हे घेतानाच्या कागदावर नीट धरलं गेलं नाही, आणि मग पुढे छोटं सहायक पॉवर युनिट नि जादा बॅटऱ्या बसवायचे खटाटोप करत बसावं लागलं.

आता तुमच्या वरिष्ठांसाठी. २००९ साली अमेरिकन लष्कराच्याच पर्यावरण धोरण संस्थेनं एक हिशोब मांडला होता, २००७ च्या आकड्यांवर. अफगाणिस्तानात इंधन पोचवणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मेला किंवा जखमी झाला. हे २४ मी कधी विसरत नाही, कारण ताफ्यात गेलेली माणसं मी बघितलीत. कॅम्पवर जळणारं प्रत्येक लिटर कुणीतरी रस्त्यावरून घेऊन येतो. म्हणून इंधन कमी पिणारं सामान मागणं हे सैनिकाच्या जिवाविरुद्ध जातच नाही, उलट त्याच्याच बाजूचं आहे. अमेरिकेनं २००८ मध्ये कायद्यातच घातलं की नवीन सामान निवडताना इंधनाचा पंपावरचा भाव धरायचा नाही, ते आघाडीपर्यंत पोचवायचा, राखायचा सगळा खर्च धरून भाव लावायचा. तुम्ही तेवढी एक ओळ मसुद्यात घालून बघा, मार्कांची गरजच पडणार नाही, जास्त पिणारी गाडी किमतीतच मागे पडेल.

खंदकातून

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नका. इंधनाचं पटलं, त्यात वादच नाही. पण सगळंच काही असं सोयीस्कर जुळून येत नाही. जास्त चिलखत म्हणजे जास्त वजन म्हणजे जास्त इंधन, आणि ते चिलखत काढा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. सुरुंगावर गाडी गेल्यावर आतली माणसं जिवंत बाहेर आलेली मी पाहिलीत, ती त्या जास्तीच्या टनांमुळेच.

शिवाय आकडे आणायचे कुठून? कंपनी म्हणते स्फोटकाचं मिश्रण गुपित, लेपाचं मिश्रण गुपित, मग जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे बनवण्यापासून मोडेपर्यंतच्या नुकसानीचा हिशोब, कशाच्या जोरावर करणार? आणि ज्या देशांची सैन्यं स्वतःचं उत्सर्जन धड मोजत नाहीत तिथे एका समितीनं गाडीमागे किती कार्बन हे दशांशापर्यंत काढून काय होणार. १९९७ च्या क्योटो करारात लष्कराच्या परदेशी मोहिमांचं आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय जहाज-विमान इंधनाचं उत्सर्जन मोजणीतून बाहेर ठेवलं, २०१५ च्या पॅरिस करारानंतर ते कळवणं ऐच्छिक राहिलं. जगातल्या एकूण उत्सर्जनात सैन्यांचा वाटा ५.५ टक्के असावा हा २०२२ चा अंदाजही बाहेरच्या अभ्यासकांनी जोडजाड करून काढलाय, कारण सरकारी आकडे अपुरेच आहेत.

माझं म्हणणं इतकंच की लढाईत लागणारी गोष्ट आणि सरावात-देखभालीत लागणारी गोष्ट वेगळ्या ठेवा. पहिलीत हात आखडता घ्या, दुसरीत हवं तेवढं कडक व्हा.

रंग_गंज_प्रायमर

खंदकातून यांचा शेवटचा मुद्दा मला मनापासून पटला, फक्त एक भर घालते, सामानाचं बहुतेक आयुष्य देखभालीतच जातं. विमान असो की गाडी, ती लढते फार थोडे दिवस, वर्कशॉपमध्ये घासली-रंगवली जाते दशकं.

मी गंज प्रतिबंधाच्या कामात आहे. क्रोमेटवाला प्रायमर (रंगाखालचा थर) आणि कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट, हे दोन्ही इतके चांगले काम करतात की कुणाला सोडवत नाहीत, आणि दोन्हीनं कॅन्सर होतो. नवीन रंग सुकून बसलेला असताना सहसा कुणाला काही होत नाही. बारा वर्षांनी तोच रंग सँडरनं घासतात तेव्हा ती पिवळसर धूळ पोराच्या नाकात जाते. मी सुरुवातीला ज्या वर्कशॉपमध्ये होते तिथे आम्ही नुसता रुमाल बांधून घासायचो, कारण गाडीबरोबर आलेल्या कागदात कुठल्या भागावर काय लावलंय याचा उल्लेखच नव्हता. आमच्यातले दोघं आज दम्याचे पेशंट आहेत. कारण हेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं हे खरंय.

म्हणून टेंडरमध्ये एक गोष्ट सक्तीची करा, घातक पदार्थांची यादी, भागागणिक. कुठला पदार्थ, कुठल्या भागावर, किती, आणि बदली पदार्थ कधीपर्यंत येणार. मिश्रण गुपित असलं तरी यात क्रोमेट आहे का कॅडमियम आहे का हे सांगायला कुणाचं गुपित फुटत नाही. युरोपात रीच नावाचा रसायनांचा कायदा २००७ पासून आहे, त्यात संरक्षणासाठी सूट देता येते पण ती प्रत्येक देशानं प्रत्येक प्रकरणात वेगळी द्यायची, सरसकट नाही. तर इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिसं-कॅडमियमच्या नियमातून शस्त्रं-युद्धसामग्री थेट वगळलीयेत. पुरवठादार "आम्हाला सूट आहे" म्हणतो तेव्हा कुठल्या कायद्याखाली, कुठल्या पदार्थासाठी आणि कधीपर्यंत, हे लेखी मागा. बरेचदा तिथेच बोलणं अडखळतं.

आणि हॅलॉनची गोष्ट ऐका. चिलखती गाडीच्या आत आग लागली तर क्षणाच्या आत विझवायची असते, त्यासाठी हॅलॉन १३०१ हा गॅस उत्तम, पण ओझोनचं नुकसान करण्यात ते जुन्या फ्रिजमधल्या गॅसच्या दहा पट. १९८७ ला माँट्रियल करार झाला, १९९४ पासून विकसित देशांनी नवीन बनवणं बंद केलं. ज्यांनी त्याच्या थोडं आधी गाड्या घेतल्या ते पुढची कित्येक दशकं जुन्या सिलिंडरांतून उपसलेल्या साठ्यावर जगले. म्हणजे पर्यावरण बाजूला ठेवा, नुसता सुट्या भागांचा विचार केला तरी उद्या बंद होणारा पदार्थ आज घेणं ही चूकच आहे.

सराव_मैदान

दारूगोळ्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि जरा लांबेल कारण माझी बरीच वर्षं यातच गेलीत.

सगळ्यात मोठा धोका "ग्रीन" या लेबलचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प एडवर्ड्सला शिशाच्या गोळ्या आणि बाकी स्फोटकांमुळे खालच्या पाण्याची काळजी सुरू झाली, केप कॉडचा तो भाग त्याच भूजलावर पितो. १९९७ मध्ये पर्यावरण संस्थेनं शिशाच्या गोळ्यांचा सराव थांबवला. मग टंगस्टन-नायलॉनची गोळी आली. टंगस्टन पाण्यात विरघळत नाही असं सगळे धरून चालले होते, "हिरवी गोळी" म्हणून कौतुक झालं. तर ते मातीत विरघळून भूजलात सापडलं, आणि २००६ मध्ये तीही बंद करायला लागली. म्हणजे एक विष काढून दुसरं पेरलं, मध्ये इतकी वर्षं गेली. पुढे २०१० मध्ये त्यांनी तांब्याच्या गाभ्याची गोळी आणली.

नॉर्वेत वेगळाच प्रकार. तिथे शिसं नसलेली गोळी नव्या रायफलीत वापरायला लागले आणि सराव झाल्यावर पोरांना थंडी वाजून ताप यायला लागला, वेल्डिंग करणाऱ्यांना येतो तसला. तपासलं तर तांब्याचा आणि जस्ताचा धूर. इथे जमीन वाचली पण नाकातोंडात गेलं. गोळी तपासली होती, रायफल तपासली होती, दोन्ही एकत्र उडवल्यावर नेमबाजाच्या तोंडाजवळची हवा वेळेवर तपासली गेली नाही.

स्फोटकांतही तेच. टीएनटीऐवजी आयएमएक्स-१०१ हे मिश्रण २०१० च्या सुमाराला तोफगोळ्यांसाठी मंजूर झालं. आग लागली, गोळी लागली तरी ते सहजी उडत नाही, साठवणाऱ्याच्या आणि वाहून नेणाऱ्याच्या दृष्टीने फारच चांगली गोष्ट. पण त्यातला एनटीओ नावाचा घटक पाण्यात टीएनटीपेक्षा शंभर पटीहून जास्त विरघळतो. गोळा नीट फुटला तर बहुतेक सगळं जळून जातं, अर्धवट फुटला तर उरलेलं पहिल्या पावसात खाली उतरतं. म्हणून आयएमएक्स घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः तेच घेईन. पण मग मैदानावर विहिरी खणून पाण्याची तपासणी आधीपासून सुरू करायची, अर्धवट फुटलेले गोळे उचलायचे, आणि तो खर्च खरेदीतच धरायचा.

तेव्हा दारूगोळ्याला कार्बनचा प्रश्न विचारत बसू नका, त्याने हाती फार काही लागत नाही. विरघळतं किती, मातीत टिकतं किती, विघटन होऊन काय तयार होतं, अर्धवट फुटण्याचं प्रमाण किती, आणि उडवणाऱ्याच्या श्वासात काय जातं, हे विचारा. आणि ठरलेल्या हत्यारातून उडवून केलेली चाचणी मागा.

भंगारघाट

शेवट कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो, हे सामान मोडणार कोण?

फ्रान्सच्या दोन जुळ्या विमानवाहू नौका होत्या, क्लेमांसो आणि फॉश. क्लेमांसो २००५ च्या शेवटी अॅस्बेस्टॉससकट मोडायला गुजरातेत अलंगला निघाली, आरडाओरडा झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती अर्ध्या वाटेतून परत बोलावली, शेवटी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला मोडली. फॉश २००० साली ब्राझीलनं घेतली, फक्त १.२ कोटी डॉलरला, साओ पाउलो नाव दिलं. पुढे निवृत्त झाल्यावर तुर्कस्तानात मोडायला विकली, ऑगस्ट २०२२ मध्ये तुर्कस्ताननं परवानगी काढून घेतली, परत आली तर स्वतःच्याच देशातलं बंदर घ्यायला तयार नाही, महिनोन्महिने समुद्रात ओढत फिरवली आणि ३ फेब्रुवारी २०२३ ला अटलांटिकमध्ये बुडवून टाकली, आतल्या अॅस्बेस्टॉससकट. घेताना स्वस्त पडली ती अशी.

ब्रिटनच्या अणुपाणबुड्या बघा, १९८० पासून निवृत्त होत आल्या आणि २०१९ च्या सरकारी लेखापरीक्षणात दिसलं की २० उभ्या आहेत, एकही पूर्ण मोडलेली नाही, नऊंमध्ये तर इंधन अजून आतच. नुसत्या राखण्यात सुमारे ५० कोटी पौंड गेलेले.

तुमच्या यादीतल्या छोट्या वस्तूंना हेच लागू आहे. लुइझियानात कॅम्प मिन्डेनला तोफेची जुनी दारू नष्ट करायचं कंत्राट घेतलेली कंपनी ७० लाख किलोच्या आसपास माल तसाच टाकून बुडाली, २०१२ मध्ये स्फोट झाल्यावर ते उजेडात आलं. आधी उघड्यावर जाळायचं ठरत होतं, गावकरी अडून बसले म्हणून बंद भट्टीत जाळलं. नाटोचं स्टॅनॅग ४५१८ हे मानक आहे, त्यात दारूगोळा डिझाइन करतानाच तो पुढे सुरक्षित कसा मोडता येईल हे पाहायला सांगितलंय. ते नाटोबाहेरच्यालाही मागता येतं, कुणी अडवत नाही. कुठल्या क्रमाने खोलायचं, कशात जाळायचं, काय उरतं आणि ते कुठे जाणार, हे सही करायच्या आधी हातात हवं. आणि मोडायचा खर्च आयुष्यभराच्या खर्चात धरलेला हवा, "नंतर बघू" या सदरात नको.

पहिलंच_टेंडर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस हेच वाचतेय. मी मसुदा बदलायला घेतला. मार्क काढून टाकले नाहीत, तो आदेशच आहे, पण जनरेटरचं इंधन किमतीत धरलं, घातक पदार्थांची यादी आणि मोडण्याची योजना सक्तीची केली, नसेल तर बोली उघडायचीच नाही. वरिष्ठांना ते २४ ताफ्यांचं दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले की हे कलम ठेवा.

पण बाकीच्यांचा प्रश्न अजून तोच आहे की सुरक्षिततेशी भांडण झालं तर ठरवायचं कुणी. आणि फोमचं राहिलंच.

देखभालवाला_२२

ठरवायची पद्धत तयार आहे ताई. अमेरिकेचं मिल-स्टँडर्ड-८८२ई, २०१२ चं, सुरक्षिततेचं मानक आहे, पर्यावरणाचं वेगळं नाही. त्यात सगळ्यात गंभीर श्रेणीत माणसाचा मृत्यू आणि कधीच भरून न येणारं पर्यावरणाचं मोठं नुकसान हे दोन्ही एकाच ओळीत बसवलेत. मग तीव्रता आणि शक्यता यांच्या तक्त्यावरून जोखीम काढायची, आधी डिझाइन बदलून ती घालवता येते का बघायचं, नाही जमलं तर उरलेली जोखीम एका ठरलेल्या अधिकाऱ्यानं सही करून पत्करायची. ही सही महत्त्वाची. खंदकातून यांचं चिलखत याच तक्त्यात टिकेल, आणि टिकायलाच हवं, फक्त कुणीतरी नाव लिहून ते पत्करलेलं असेल. ब्रिटनचं डेफ स्टॅन ००-०५१ हे पर्यावरणाचं संरक्षण मानक पण काढून ठेवा, पुरवठादाराला काय काय द्यायला लावायचं याच्या भाषेसाठी उपयोगी पडतं.

रंग_गंज_प्रायमर

फोमबद्दल मी सांगते. पीफास (फ्लोरिन असलेली, न तुटणारी रसायनं) घातलेला फोम उगाच नाही आला, १९६७ मध्ये फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर आग लागून १३४ जण गेले, त्यानंतर तो सगळीकडे पसरला. पेट्रोल-केरोसीनच्या आगीवर पातळ थर पसरून झटकन विझवतो. पण तो पदार्थ निसर्गात तुटतच नाही आणि अनेक लष्करी तळांखालच्या पाण्यात आज तो आहे, त्यातला बराचसा खऱ्या आगींमुळे गेलेला नाही, सरावामुळे गेलाय. २०१९ च्या शेवटी अमेरिकन काँग्रेसनं जमिनीवरच्या तळांवर हा फोम बंद करायला १ ऑक्टोबर २०२४ ही मुदत घातली, मुदतवाढीची सोय ठेवून, आणि जहाजांना सूट देऊन. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिन नसलेल्या फोमचं लष्करी स्पेक आलं. म्हणजे बिगर-फ्लोरिन मागायला आता मापदंड आहे, "असं काही मिळत नाही" हे कुणी म्हणू शकत नाही.

पण फक्त फोम बदलून भागत नाही. नवीन फोम घट्ट असतो, जुन्या पंपाचं मिश्रणाचं प्रमाण त्याला जुळेलच असं नाही, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत मिसळता येत नाहीत, आणि आग विझवण्याची पद्धतही थोडी बदलते, म्हणजे प्रशिक्षण आलं. ते सगळं त्याच खरेदीत घ्या. जुन्या अग्निशमन गाडीची टाकी आणि पाइप नीट धुतल्याशिवाय नवीन भरला तर आतल्या थरातून पीफास परत उतरतं आणि नवीनही दूषित होतो. एकदा धुवून पुरत नाही. ते धुतलेलं पाणी किती निघणार, कशात साठवणार, कोण घेऊन जाणार आणि त्याचं काय करणार हे टेंडरमध्ये वेगळं कलम करून लिहा. आम्ही ते लिहायला विसरलो होतो, आणि ती पिंपं अजून शेडमागे उभी आहेत.